अर्जाची कुळकथा

डिसेंबरचा मध्य होता. त्या संध्याकाळी आमच्या घरात कोणाचंच जेवणात लक्ष नव्हतं. आमच्या लेकीने नवव्या इयत्तेपासून ज्या विद्यापीठावर जीव जडवला होता, त्याचा ‘अर्ली’चा निकाल सात वाजता लागायचा होता. विद्यापीठाचं नाव सांगत नाही. नावाला महत्त्व नाही, आणि त्या आठवड्यात न्यू जर्सीतल्या कितीतरी मराठी घरांत हेच चाललेलं असतं. सात वाजून दोन मिनिटांनी ती खोलीतून बाहेर आली आणि म्हणाली, “डिफर्ड.” म्हणजे होकार नाही आणि नकारही नाही. मार्चअखेरपर्यंत वाट बघा.

आईने पोळ्या पुन्हा गरम केल्या. मी “अगं, अजून बाकीची कॉलेजं आहेत की” वगैरे बापाने बोलायची सगळी वाक्यं बोलून घेतली. तिने मान डोलावली आणि वर निघून गेली. रात्री अकराच्या सुमारास पाणी प्यायला खाली आली तेव्हा तिने मला एकच प्रश्न विचारला, “बाबा, ग्रेड्स आहेत, स्कोअर आहे. मग मी त्यांना आवडले नाही का? आय मीन, माणूस म्हणून?”

मंडळी, माझ्याकडे उत्तर नव्हतं. माझी बारावी महाराष्ट्रात झाली. कॉलेजच्या फळ्यावर यादी लागायची, खाली कट-ऑफचा आकडा असायचा, आणि घामाघूम गर्दीत आपलं नाव शोधायचं. मला हवं असलेलं कॉलेज तीन मार्कांनी हुकलं होतं. आठ दिवस मी कोणाशी बोललो नव्हतो. पण हुकण्याचं कारण तीन मार्क हे होतं. मी माणूस म्हणून कसा आहे, याबद्दल त्या यादीला काही म्हणायचं नव्हतं. इथली पद्धत मात्र निबंध मागते, शिफारसपत्रं मागते, मुलाखत घेते, मूल मोकळ्या वेळात काय करतं ते विचारते. मग नकार आला की सतरा वर्षांच्या मुलीला तो आपल्या अख्ख्या व्यक्तिमत्त्वाला दिलेला नकार वाटला, तर तिचं काय चुकलं?

पेशाने मी इंजिनिअर. एखादं यंत्र का चालत नाही हे कळत नसेल तर ते मुळात कशासाठी बनवलं होतं ते बघावं, अशी आमची सवय. म्हणून त्या हिवाळ्यात लायब्ररीतून पुस्तकं आणून या अर्जाची कुळकथा वाचायला बसलो. बर्कलीचे समाजशास्त्रज्ञ जेरोम कॅराबेल यांचं ‘द चोझन’ हे २००५ सालचं जाडजूड पुस्तक त्यात मुख्य. जे वाचलं त्याने मी हादरलो, आणि खरं सांगायचं तर थोडा सुखावलोही. ती कथा आपल्या स्मरणिकेच्या वाचकांना सांगावी म्हणून हा लेखनप्रपंच.

जेव्हा निबंध नव्हता

हार्वर्डची स्थापना १६३६ सालची. तिथपासून जवळजवळ पावणेतीनशे वर्षं अमेरिकेतल्या मोठ्या कॉलेजांत शिरण्याची वाट आपल्याला ओळखीची वाटावी अशीच होती. परीक्षा द्या, पास व्हा, आत या. प्रत्येक कॉलेजची परीक्षा वेगळी असे आणि त्यात लॅटिन, ग्रीक, गणित हे विषय ठाण मांडून असत. एखाददुसऱ्या विषयात गचकलेल्या मुलालाही ‘नंतर पास होईन’ या अटीवर आत घेत. प्रत्येकाची वेगळी परीक्षा ही शाळांची डोकेदुखी झाली, म्हणून १९०० साली ‘कॉलेज बोर्ड’ स्थापन झालं आणि जून १९०१ मध्ये त्यांची पहिली सामाईक परीक्षा झाली. परीक्षेला बसले होते अवघे ९७३ विद्यार्थी!

ही पद्धत न्याय्य होती असं समजू नका. लॅटिन-ग्रीक नीट शिकवणाऱ्या शाळा बहुतेक श्रीमंतांच्या, खासगी. परीक्षेचं दार सगळ्यांना उघडं असलं, तरी दारापर्यंतचा रस्ता मोजक्यांच्या अंगणातून जात होता. पण एक गुण तिच्यात नक्की होता. पास झालेल्या मुलाला ‘तू आम्हाला आवडत नाहीस’ असं म्हणायची सोय तिच्यात नव्हती.

आणि नेमकी हीच गोष्ट पुढे अडचणीची ठरली.

१९२२ : ‘अडचण’

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी रशिया, पोलंड आणि आसपासच्या प्रदेशांतून लाखो ज्यू कुटुंबं जीव मुठीत धरून अमेरिकेत आली. न्यूयॉर्क-बॉस्टनच्या चाळवजा घरांत राहिली, शिवणकाम केलं, हातगाड्या लावल्या आणि पोरांना सरकारी शाळांत घातलं. ही पोरं अभ्यासाला वाघ होती. परीक्षा पास होत होती, आणि पास झाल्यावर त्यांना आत घ्यावंच लागत होतं. हार्वर्डमध्ये १९०० च्या सुमारास ज्यू विद्यार्थी होते सात टक्क्यांच्या आसपास. १९२२ पर्यंत ते एकवीस टक्क्यांच्या वर गेले. न्यूयॉर्कमध्ये कोलंबियात तर प्रमाण याहून बरंच जास्त होतं.

त्या वेळी हार्वर्डचे अध्यक्ष होते अ‍ॅबट लॉरेन्स लोवेल. बॉस्टनच्या अत्यंत जुन्या, प्रतिष्ठित घराण्यातले. परदेशी लोकांचं येणं रोखावं म्हणून झटणाऱ्या ‘इमिग्रेशन रिस्ट्रिक्शन लीग’चे ते उपाध्यक्षही होते. ज्यू मुलं वाढली तर जुन्या घराण्यांची मुलं दुसरीकडे जातील, ही त्यांची चिंता. १९२२ साली त्यांनी सरळ प्रस्ताव मांडला की ज्यू विद्यार्थी पंधरा टक्क्यांपेक्षा जास्त असू नयेत. बातमी फुटली, वर्तमानपत्रांत गदारोळ झाला, प्राध्यापकांची समिती नेमली गेली. १९२३ मध्ये समितीने सांगितलं की वंश किंवा धर्म बघून भेदभाव करणं हार्वर्डच्या परंपरेत बसत नाही.

इथे कथा संपली असती तर ती फार सुंदर झाली असती. पण समितीने आणखी एक सूचना केली होती. देशभरातल्या चांगल्या शाळांत वर्गाच्या पहिल्या सातव्या भागात येणाऱ्या मुलांना परीक्षेशिवाय घ्यावं, म्हणजे दक्षिणेतली आणि पश्चिमेतली खेड्यापाड्यांची मुलं येतील. झालं उलटंच. १९२५ पर्यंत ज्यू विद्यार्थी सत्तावीस टक्क्यांवर पोचले!

तेव्हा लोवेलसाहेबांना नवी वाट सापडली. आकड्याची मर्यादा घालायची नाही, फक्त निकष बदलायचे. १९२६ साली हार्वर्डने पहिल्या वर्षाची संख्या हजारावर गोठवली. म्हणजे आता पास झालेल्या सगळ्यांना जागा मिळणार नाही, ‘निवड’ करावी लागणार. आणि निवड कशावर? तर अभ्यासाबरोबर ‘कॅरेक्टर’वर. मुलगा कसा आहे, त्याच्यात नेतृत्व आहे का, चारचौघांत मिसळतो का. अर्जासोबत फोटो मागायला सुरुवात झाली. त्याआधीच, १९२२ च्या शरद ऋतूपासून, अर्जात वंश, धर्म, आईचं माहेरचं आडनाव, वडिलांचं जन्मस्थान हे प्रश्न आले होते. शिवाय जन्मानंतर तुमचं किंवा वडिलांचं नाव बदललं आहे का, असल्यास सविस्तर खुलासा करा, असाही प्रश्न होता. आडनाव बदलून कोणी निसटू नये, एवढ्याचसाठी.

लोवेल १९३३ साली निवृत्त झाले तेव्हा ज्यू विद्यार्थ्यांचं प्रमाण पुन्हा पंधरा टक्क्यांच्या आसपास आलेलं होतं. मूळ प्रस्तावातला आकडा तोच! फक्त आता तो कुठेही लिहिलेला नव्हता.

इतरांचंही असंच. कोलंबियाने तर हार्वर्डच्या आधीच हे प्रमाण निम्म्याच्या जवळपास खाली आणलं होतं. डार्टमथने १९२० च्या दशकाच्या सुरुवातीला जी निवड-पद्धत आणली, तिच्यात मुलाखती, व्यक्तिमत्त्वाबद्दलचे शेरे, देशाच्या सगळ्या भागांतून मुलं घेण्याचं धोरण, आणि माजी विद्यार्थ्यांच्या लायक मुलांना हमखास प्रवेश, हे सगळं एकत्र होतं. आज आपण ज्याला ‘होलिस्टिक रिव्ह्यू’ आणि ‘लेगसी’ म्हणतो, त्यांचं पाळण्यातलं नाव या दहा वर्षांत ठेवलं गेलं.

हे वाचताना माझ्या डोळ्यांसमोर लेकीच्या टेबलावरचे कागद येत होते. नेतृत्वाचे प्रसंग, शिक्षकांची पत्रं, मुलाखतीची तयारी. यातली एकेक गोष्ट मी आजवर ‘अमेरिकन शिक्षणाचा मोठेपणा’ म्हणून भारतातल्या नातेवाइकांना सांगत आलो होतो.

त्याच फाटकातला एक मराठी विद्यार्थी

या कथेत आपला एक माणूस भेटला आणि मी सरसावून बसलो. गोव्यात कोसबेन गावी १९०७ साली जन्मलेले दामोदर धर्मानंद कोसंबी. त्यांचे वडील, बौद्ध धर्माचे थोर अभ्यासक धर्मानंद कोसंबी, ‘विशुद्धिमग्ग’ या पाली ग्रंथाच्या संपादनासाठी हार्वर्डला गेले, आणि १९१८ मध्ये त्यांच्याबरोबर अकरा वर्षांचा दामोदर केंब्रिजला आला. तिथल्याच सरकारी शाळांत शिकला. १९२४ साली त्याला हार्वर्डमध्ये प्रवेश मिळाला. त्याच वर्षी अमेरिकेने कायदा करून भारतासह बहुतेक आशियातून येऊन स्थायिक होण्याचं दार आणखी घट्ट बंद केलं. दामोदर मध्ये भारतात परतला, १९२६ च्या जानेवारीत पुन्हा आला आणि १९२९ मध्ये सर्वोच्च श्रेणीत पदवी घेऊन बाहेर पडला. म्हणजे लोवेलसाहेबांनी ज्या वर्षी फाटकावरचे नियम बदलले, त्याच वर्षी आपले कोसंबी आतल्या बाकावर बसून बर्कॉफ यांच्याकडे गणित शिकत होते!

हिंदू विद्यार्थी तेव्हा हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. त्यांची ‘अडचण’ कोणाला वाटत नव्हती. त्यांची अडचण वाटायला आणखी साठ वर्षं जायची होती. कोसंबी भारतात परतले, गणितात आणि प्राचीन भारताच्या इतिहासात डोंगराएवढं काम करून गेले. पण त्यांच्याच शहरातली, त्यांच्यासारख्याच सरकारी शाळांत शिकलेली किती हुशार ज्यू मुलं त्या वर्षांत फाटकाबाहेर राहिली असतील, हा विचार मनातून जात नाही.

मोजपट्टी येते

आता मुलांच्या झोपेचा दुसरा शत्रू, एसएटी. तिची जन्मकथाही अशीच उलटसुलट. पहिल्या महायुद्धात सैनिकांची बुद्धी मोजण्यासाठी ज्या चाचण्या झाल्या, त्यांवर काम केलेले प्रिन्स्टनचे मानसशास्त्रज्ञ कार्ल ब्रिगम यांनी ही परीक्षा बेतली. जून १९२६ मध्ये सुमारे आठ हजार मुलांनी ती पहिल्यांदा दिली. म्हणजे ‘कॅरेक्टर’ची निवड आणि ही चाचणी, दोन्ही एकाच वर्षीच्या. या ब्रिगमनी १९२३ मध्ये एक पुस्तक लिहून उत्तर युरोपातले लोक इतरांपेक्षा बुद्धीने वरचढ असल्याचं ‘सिद्ध’ केलं होतं. त्यांचा एक मोठेपणा मात्र मान्य केला पाहिजे. १९३० मध्ये त्यांनी आपलं ते प्रतिपादन निराधार असल्याचं स्वतःच जाहीर केलं. स्वतःची चूक अशी छापून मान्य करणारे विद्वान किती असतात?

लोवेल यांच्यानंतर आलेले रसायनशास्त्रज्ञ जेम्स कोनंट यांना हार्वर्डमध्ये लहान गावांतली, साध्या घरांतली हुशार मुलं हवी होती. त्यांनी हेन्री चॉन्सी या तरुण अधिकाऱ्याला कामाला लावलं आणि १९३४ पासून नव्या शिष्यवृत्त्यांसाठी एसएटी वापरायला सुरुवात केली. इलिनॉयमधला जेम्स टोबिन नावाचा मुलगा अशी शिष्यवृत्ती मिळवून १९३५ साली हार्वर्डला आला. १९८१ मध्ये त्याला अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. दुसऱ्या महायुद्धात जुन्या लेखी परीक्षा बंद पडल्या, एसएटी राहिली. १९४७ मध्ये चॉन्सींच्या नेतृत्वाखाली ईटीएस ही संस्था स्थापन झाली. आपल्या प्रिन्स्टनजवळच्या त्या हिरव्यागार आवारावरून आपण कितीदा गाडी हाकली असेल!

म्हणजे वंशश्रेष्ठतेच्या भ्रमातून निघालेली चाचणी पुढे कोनंट यांच्या हातात गरीब मुलांसाठी दार उघडायची किल्ली झाली. नंतर शिकवणीवर्ग आले आणि ती किल्लीही पैसेवाल्यांना सोपी झाली. २०२० च्या कोविड साथीत बहुतेक कॉलेजांनी ती ऐच्छिक केली. पुढे एमआयटीने २०२२ मध्ये, डार्टमथ आणि हार्वर्डने २०२४ मध्ये ती पुन्हा आवश्यक केली. साधन एकच. ते कोण वापरतो आणि कशासाठी, त्यावर सगळं.

गर्दी

आपल्याला वाटतं ही विद्यापीठं कायमच इतकी अवघड होती. तसं नाही. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला हार्वर्डकडे अर्ज करणाऱ्यांपैकी निम्म्याहून अधिक मुलांना प्रवेश मिळत असे. ‘आयव्ही लीग’ या नावाचा दबदबा आपण घेतो, पण अधिकृतपणे ती १९५४ मध्ये जमलेली खेळांच्या सामन्यांची संघटना आहे! आणि मुलींचं काय म्हणाल, तर येल आणि प्रिन्स्टनने पदवीच्या वर्गात मुलींना घ्यायला सुरुवात केली ती १९६९ साली. कोलंबिया कॉलेजने तर १९८३ साली. माझी लेक जन्मली त्याच्या पंचावन्न-साठ वर्षं आधी जन्मली असती, तर तिच्या अर्जावर ‘डिफर्ड’ असंही कोणी लिहिलं नसतं. अर्जच घेतला नसता.

मग सगळं एकदम बदललं. १९७५ मध्ये पंधरा कॉलेजांनी मिळून ‘कॉमन अ‍ॅप्लिकेशन’ काढलं. आज त्यात हजाराहून अधिक कॉलेजं आहेत आणि साडेसहाशे शब्दांचा एकच निबंध अनेक ठिकाणी जातो. १९८३ मध्ये ‘यू. एस. न्यूज’ने कॉलेजांची क्रमवारी छापली आणि कॉलेजांनाही मार्कांची चटक लागली. जितके अर्ज जास्त, तितके नकार जास्त, तितकी शान जास्त. २०२२ साली हार्वर्डकडे ६१,२२० अर्ज आले आणि १,९५४ मुलांना होकार मिळाला. शंभरातले तीन. लोवेलसाहेबांच्या हजाराच्या वर्गाची शंभर वर्षांत दुप्पटही झालेली नाही!

एवढ्या अर्जांत पूर्ण लायक मुलं कितीतरी हजार असतात. त्यातून दोन हजार निवडायची म्हणजे शेवटी कोणत्या खेळाच्या संघाला कोण हवं, ऑर्केस्ट्रात कोणतं वाद्य कमी आहे, कोणत्या राज्यातून कोणी नाही, कोणाचे आईवडील इथलेच आहेत, हेच बघितलं जाणार. त्यात मुलाची किंमत ठरत नाही. त्या वर्षीची कॉलेजची गरज ठरते.

आपली पाळी

१९६५ च्या कायद्याने अमेरिकेचं दार आशियासाठी उघडलं आणि डॉक्टर-इंजिनिअर मराठी माणूस इथे आला. आपली, चिनी, कोरियन मुलं १९८० च्या दशकात कॉलेजच्या दारात उभी राहिली, आणि शिवणकाम करणाऱ्या ज्यूंच्या पोरांची जागा आपण घेतली. अभ्यासू, पण ‘एकसारखी’. आशियाई मुलांना कमी होकार का, अशी तक्रार झाल्यावर केंद्र सरकारने हार्वर्डची चौकशी केली. १९९० च्या निष्कर्षात भेदभाव सिद्ध झाला नाही. फरक पडतो तो माजी विद्यार्थ्यांच्या मुलांना आणि खेळाडूंना दिलेल्या झुकत्या मापामुळे, असं सांगण्यात आलं.

२०१४ मध्ये हार्वर्डविरुद्ध खटला गुदरला गेला, आणि २०१८ मध्ये बॉस्टनच्या कोर्टात बंद कपाटं उघडली. तिथे माझ्या लेकीच्या प्रश्नाला शब्द सापडले. हार्वर्ड प्रत्येक अर्जाला अभ्यास, इतर उपक्रम, खेळ यांच्याबरोबर ‘पर्सनल रेटिंग’ म्हणजे व्यक्तिमत्त्वाचे गुण देत होतं. आशियाई मुलं अभ्यासात सगळ्यांच्या पुढे, आणि या रकान्यात सरासरीने मागे. प्रत्यक्ष भेटून मुलाखत घेणाऱ्या माजी विद्यार्थ्यांनी मात्र त्यांना गोऱ्या मुलांच्या बरोबरीने गुण दिले होते. मागे पडत होती ती कार्यालयात कागद वाचून दिलेल्या गुणांत. आणखी एक आकडा बाहेर आला. माजी विद्यार्थ्यांच्या मुलांना प्रवेश मिळण्याचं प्रमाण सुमारे तेहेतीस टक्के होतं, इतरांना सहा.

२०१९ मध्ये न्यायाधीशांनी जाणूनबुजून भेदभाव झाला नाही असा निकाल दिला. २९ जून २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो उलटवला आणि प्रवेशात वंशाचा विचार करणंच बेकायदा ठरवलं. आपल्या मंडळातही तेव्हा दोन तट पडले होते, आठवत असेल. मला स्वतःला दोन्ही बाजू समजतात. कारण हीच ‘पूर्ण माणूस बघा’ पद्धत १९६० च्या दशकानंतर कृष्णवर्णीय मुलांसाठी दार उघडायलाही वापरली गेली होती, आणि ते काम मोलाचं होतं. लोवेलच्या हातात ती कडी होती, पुढच्या लोकांच्या हातात किल्ली. पण दोन्ही वेळा आपल्याला कोणतं कारण लागलं, हे बाहेर उभ्या असलेल्या मुलाला कळत नाही, आणि तेच या पद्धतीचं बळ आहे. वंशाचा विचार गेला, तरी लेगसी अनेक खासगी विद्यापीठांत राहिली. कॅलिफोर्नियाने तिच्याविरुद्ध कायदा केला तो २०२४ मध्ये.

२०१९ च्या मार्चमध्ये उघडकीला आलेलं प्रकरण तर सगळ्यांनाच माहीत आहे. रिक सिंगर नावाच्या सल्लागाराने नटनट्या आणि उद्योगपतींच्या मुलांना पैसे घेऊन आत घुसवलं. कधी एसएटीची उत्तरं बदलून, तर कधी कधीही होडी न वल्हवलेल्या मुलीला नौकानयनपटू ठरवून. पुढचं दार हुशारीचं, मागचं देणगीचं, आणि मी बाजूचं दार शोधलं, असा त्याचा हिशेब होता. ‘कॅरेक्टर’च्या रकान्याची याहून मोठी थट्टा कोणी केली नसेल.

तर मग उत्तर काय?

जानेवारीतल्या एका रविवारी बर्फ पडत होता तेव्हा मी लेकीला हे सगळं सांगितलं. नव्या वर्षात तिचे बाकीचे अर्ज गेले होते आणि आता हातात फक्त वाट बघणं होतं. तिला दोन माणसांची गोष्ट सांगितली. न्यूयॉर्कचा एक मुलगा, रिचर्ड फाइनमन. कोलंबियाने त्याला ज्यूंच्या कोट्यापायी नाकारलं, म्हणून तो १९३५ मध्ये एमआयटीला गेला. १९६५ चं भौतिकशास्त्राचं नोबेल त्याचं. दुसरा, शिंप्याकाम करणाऱ्यांच्या वस्तीतून आलेल्या पिढीचा जोनास सॉल्क. तो शिकला न्यूयॉर्कच्या फुकट शिकवणाऱ्या सरकारी सिटी कॉलेजात. १९५५ मध्ये त्याच्या पोलिओच्या लशीने जगभरच्या आयांना हायसं वाटलं.

तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, “पण बाबा, ते जीनियस होते. मी नाहीये.”

हुशार मुलांना गोष्टी सांगताना हा धोका असतो! मग मी तिला अर्थशास्त्रज्ञ स्टेसी डेल आणि अ‍ॅलन क्रूगर यांचा अभ्यास सांगितला. नामांकित कॉलेजात जाण्याची पात्रता असूनही जी मुलं दुसरीकडे शिकली, त्यांची पुढची कमाई बहुतेकांच्या बाबतीत नामांकित कॉलेजात गेलेल्यांइतकीच निघाली. खोटं समाधान नको म्हणून हेही सांगितलं की २०२३ मध्ये राज चेट्टी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं आहे की अगदी वरच्या एक टक्का उत्पन्नात जाण्याची शक्यता या विद्यापीठांमुळे नक्की वाढते. आणि सारखाच स्कोअर असताना अतिश्रीमंतांच्या मुलांना तिथे प्रवेश मिळण्याची शक्यता मध्यमवर्गीयांच्या दुपटीहून जास्त असते. दरवाजाला अर्थ आहे. नाही असं नाही.

“मग मला काय समजायचं?” तिने विचारलं.

“एवढंच,” मी म्हणालो, “की तू माणूस म्हणून कशी आहेस हे त्यांना ठाऊकच नाही. तो रकाना तुला मोजण्यासाठी जन्माला आला नव्हता. कोणाला बाहेर ठेवायचं ते न सांगता बाहेर ठेवता यावं, म्हणून तो जन्माला आला. आता त्याचे उपयोग बरे-वाईट दोन्ही आहेत. पण तुझं मोजमाप तो नाही.”

ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “बाबा, एक सांगू? मराठी शाळेत लहान मुलांना शिकवायला जा असं तू मला आठवीत सांगितलंस, तेव्हा म्हणाला होतास, अर्जात चांगलं दिसेल.”

वाचकहो, लोवेलसाहेबांना नावं ठेवत मी चारशे-पाचशे पानं वाचली होती. त्यांचा रकाना माझ्याच स्वयंपाकघरात बसून मी भरत होतो, हे मला लेकीने दाखवलं. भरतनाट्यम्, टेनिस, फूड बँकेतली शनिवारची पाळी, सगळ्याला मी तेच कारण दिलं होतं. कधीतरी नुसतं “तुला आवडतं का?” असं विचारलं होतं का, ते आठवायचा प्रयत्न केला. आठवलं नाही. मी तिला सॉरी म्हटलं. बापाला हा शब्द जड जातो, पण म्हटला.

मार्चअखेर त्या विद्यापीठाचा नकार आला. ती दोन दिवस रडली. इतिहास कळला म्हणून दुःख कमी होतं असं नाही. फक्त ते योग्य जागी ठेवता येतं. आज ती आपल्या राज्याच्या विद्यापीठात दुसऱ्या वर्षाला आहे. आणि रविवारी मराठी शाळेत मुलांना बाराखडी शिकवायला अजूनही येते. आता कोणत्याही अर्जासाठी नाही.

शेवटी मंडळातल्या सगळ्यांना एक विनंती. गणपतीच्या आरतीनंतर प्रसादाच्या रांगेत बारावीतलं एखादं मूल दिसलं, की आपला पहिला प्रश्न असतो, “काय मग, कुठे कुठे अप्लाय केलंस?” मीही वर्षानुवर्षं तेच विचारत आलो. यंदा मी ठरवलं आहे की त्याच्या ताटात एक मोदक जास्त वाढायचा, आणि सध्या काय वाचतोस, काय खेळतोस, एवढंच विचारायचं. उत्तर कुठेही लिहून ठेवायचं नाही.